रेवसला मी माझ्या पायानं उतरेन

ऋतिकाच्या बाबांस,
मुंबईहून सत्यवतीचा नमस्कार. फोनवर तुम्ही माझं बोलणं मधेच तोडता, म्हणून लिहितेय.

मी बरी हाय. अर्धांगाच्या झटक्यानंतर डाव्या पोटरीचे स्नायू आखडलेत, म्हणून पाऊल खाली ओढलं जातं आणि बोटं जमिनीला अडतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सोमवारी स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. गुण यायला दोन आठवडे लागतील. तोवर रोज पाय ताणायचा आणि बुटात आधाराची पट्टी घालायची. एवढ्यानं भागलं न्हाय तर ऑपरेशन. तेही करीन.

काल जिन्यावर पडले. गुडघा खरचटला, इतकंच. व्यायामवाली म्हणाली, "मावशी, आज बस करा." मी म्हटलं, "तीस वर्षं डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन चाललेय. अकरा पायऱ्यांना भिऊ?" आणि चढले. पहाटे पोटरीत गोळे येतात, ते लेकीला सांगू नका.

तुम्ही जेवता ना वेळेवर? सुकट वाळवायला कोण येतं?

बाजारातली माझी जागा जाऊबाईंना देताय, असं ऋतिकाकडून कळलं. मला विचारलंत? द्यायची न्हाय.

लाँच रेवसला लागेल तेव्हा धक्क्यावर खुर्ची आणू नका, मला उचलायला माणसंही नकोत. तुम्ही या. पण हात खिशात ठेवून उभे राहा.

तुमची हट्टी,
सत्यवती