मीठ मागितलं की शाळा

आई, आज सकाळी मी तुझी पसिया केली. भात शिजवून त्याची पेज निथळून घेतली आणि तुझ्या नियमाप्रमाणे मिठाचा कणही न घालता स्टीलच्या पेल्यात नातीपुढे ठेवली. रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या या फ्लॅटमध्ये रोज कुकर लागतो, निथळायला काही उरतच नाही. म्हणून मुद्दाम उघड्या पातेल्यात भात टाकावा लागला. मुलगा आणि सून सकाळच्या बसने नव्या रायपूरला, आपापल्या कार्यालयांत गेली होती. तुझी सून, म्हणजे माझी बायको, नागपूरला तिच्या बहिणीकडे आहे. घरात मी, सहा वर्षांची नात, आणि एक प्रश्न होता: हिला आज शाळेत पाठवायचं की नाही?

ती गणवेश घालून पलंगावर आडवी झाली होती. "आबा, आज नहीं जाना. अच्छा नहीं लग रहा." मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. "कुठे दुखतं?" "पता नहीं. सब जगह." "सगळीकडे म्हणजे नेमकं कुठे?" "मतलब सब जगह, आबा!" थर्मामीटर लावलं, ताप नव्हता. उलटी नाही, खोकला नाही. माझ्या सुनेला फोन केला. "बाबा, ताप नसेल तर पाठवा. उगाच सवय लागेल," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "पण तुम्हाला फारच वाटत असेल तर बघा." या वाक्याच्या दोन्ही भागांना सारखाच आधार होता. शाळेचंही तेच आहे. आजारी मुलांना घरीच ठेवा, असा त्यांचा संदेश येतो आणि स्नेहसंमेलनात बक्षीस मिळतं ते एकही दिवस न चुकवणाऱ्याला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, करसल्लागार. आधाराशिवाय नोंद करायची नाही, ही माझी शिस्त. अशा वेळी मला तुझी परीक्षा आठवली.

रायपूर राजधानी होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. बाबा रेल्वेत गार्ड, बहुधा लाइनवर. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तू गेली नाहीस तर दुसऱ्या बाईला तुझीही पाळी बसून काढावी लागे, म्हणून तुझी सुट्टी म्हणजे कुणाची तरी शिक्षा. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांकडून तू पसिया शिकलीस आणि तिची कसोटी मात्र स्वतः तयार केलीस. मी पोट धरून बसलो आहे, तू साडीच्या निऱ्या नीट करत उभी आहेस, आणि पेला माझ्यासमोर आहे. "काहून तोंड पाडून राहिला? पी." मुकाट्याने प्यायलो तर मी आजारी. मीठ मागितलं की शाळा. "ज्याच्या जिभेले चव समजते, तो पोट्टा काही बिमार नाही. चाल, उचल दप्तर." बहुतेक वेळा तू बरोबर ठरायचीस आणि शाळेच्या फाटकापर्यंत माझं दुखणं विरूनही जायचं.

गोवराच्या दिवशीही मी मीठ मागितलं होतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत तोंडावर पुरळ उठलं. शाळेच्या चपराशाने मला घरी आणलं तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या ओसरीवर निजवलं. पाळी संपवून तू आलीस, माझ्या गालाला हात लावलास आणि एवढंच म्हणालीस, "पन तू तर मीठ मांगलं होतं ना रे." ते वाक्य मी अजून उलटसुलट करून पाहतो. तो मला दिलेला दम होता की तू तुझी स्वतःचीच समजूत घालत होतीस, मला ठरवता येत नाही. पुढचे सगळे दिवस तू रजा घेऊन माझ्या उशाशी बसलीस आणि पसियात न मागता मीठ घातलंस. मला वाटलं, ती कसोटी आता बाद झाली. पुढच्या पावसाळ्यात पोट दुखलं, तेव्हा पुन्हा बिनमिठाचा पेला समोर आला.

आई, ती परीक्षा माझी होती, की तुला ड्यूटीवर जाता यावं यासाठी होती? हे मी आरोप म्हणून विचारत नाही. आज सकाळी साडेअकराला एका अशिलासाठी कर अधिकाऱ्यासमोर माझी सुनावणी होती. पेला नातीपुढे ठेवला तेव्हा मी तिच्या कपाळाकडे पाहत नव्हतो, तिच्या ओठांकडे पाहत होतो. तिने मीठ मागावं, अशी माझी इच्छा होती.

तिने पेला एका दमात संपवला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "आबा, ये तो मस्त है! थोड़ा और दो ना." आता याचा निकाल काय लावायचा? नियमाप्रमाणे ती आजारी. पण आजारी मूल दुसरा पेला मागत नाही. पसिया आवडणाऱ्या मुलाची तरतूद तुझ्या नियमात नव्हती.

मी तिला घरी ठेवलं. दहा वाजता ती गॅलरीत उड्या मारत होती आणि मी चरफडत होतो. दुपारी मात्र, कधी न झोपणारी ही मुलगी माझ्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपली. अंग गार होतं. म्हणजे काय, मला कळलं नाही. उद्या सकाळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील आणि तेव्हा माझ्याकडे पसियाची कसोटीही नसेल.

आता ती शेजारी खेळायला गेली आहे. हे पत्र घडी करून कुठे ठेवायचं, हेही मी ठरवलेलं नाही. एक मात्र सांगतो. सुनावणी पुढे ढकलायला फोन केला, तेव्हा नातीचं नाव घेण्याचं मला धैर्य झालं नाही; सब जगह दुखतं, हे कारण कोण मान्य करील? मी म्हणालो, मलाच ताप आहे. पलीकडचा बाबू म्हणाला, "आराम करिए, भैया." नंतर पातेल्यात उरलेली पसिया पेल्यात ओतली, एक घोट घेतला, आणि माझा हात मिठाच्या डब्याकडे गेला.