मागच्या बागेला फरशी घालू नये

मी, जिला सगळी गल्ली शिवणताई म्हणते ती, लोकांचे कपडे शिवून संसाराला हातभार लावलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि मी हे राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव एकट्या डॉक्टरांचा आहे. हृदय थकले म्हणून त्यांनी यंदा मला वाकायला आणि ओझे उचलायला बंदी केली आहे. याआधी मी कधीही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. यजमान नळकाम करीत. आम्ही दोघांनी मिळून बांधलेले हे घर आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझ्या मुलाचे होईल. परंतु माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, हयात असेपर्यंत याच घरात राहतील. त्यांची खोली, स्वयंपाकघर आणि मागची बाग यांच्या वापराला कोणीही आडकाठी करू नये. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि बागेला फरशी घालू नये.

मुलगा यावर फुगून बसेल, म्हणून कारण लिहून ठेवते.

वन्सं इस्पितळात नर्स होत्या. लग्न केले नाही. निवृत्त झाल्यावर भाड्याची खोली सुटली, तेव्हा "वहिनी, चार दिवस राहते," म्हणून एक बॅग घेऊन आल्या. पुढे यजमान गेले, मुले आपापल्या घरी गेली, आणि वन्संचे ते चार दिवस अजून चालू आहेत. वयाने त्या माझ्याहून धाकट्या, पण बोलायला लागल्या की थोरल्या जावेसारख्या.

दर वर्षी ऊन तापायच्या आत आम्ही दोघी बाग उन्हाळ्यासाठी तयार करतो. झाडांची आळी मोठी करायची, त्यांत शेणखत घालायचे, वर वाळका पाला अंथरायचा, कुंड्या भिंतीच्या सावलीला ओढायच्या आणि शेवटी टोमॅटोच्या वाफ्यांवर हिरवी नेट बांधायची. नेट बांधायला माणसे दोन लागतात. यंदा मला बंदी असल्यामुळे मुलगा सुट्टी काढून आला. मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

तो स्टुलावर चढून एका बाजूची दोरी बांधत होता. पलीकडे वन्सं दुसरे टोक धरून उभ्या होत्या. मध्ये नेट लोंबत होती, त्यामुळे त्याला त्या दिसत नव्हत्या.

तो म्हणाला, "आई, पुढच्या वर्षीपासून ही कटकट नको. मागे सरळ फरशी घालू. आणि उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर घर विकून टाकू नि आत्याला एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. खर्च मी करीन. तू काळजी करू नकोस."

त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण मी काही म्हणायच्या आत नेटच्या पलीकडून वन्संचा आवाज आला, "ओढून बांध रे, नाहीतर वाऱ्यानं फडफडेल." दुसरे टोक त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. मुलगा कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर वन्संची बॅग कपाटावरून खाली आलेली.

"बॅग कशाला काढलीत?"

"धूळ बसली होती. पुसत होते."

"पुसून झाली?"

"झाली."

"मग वर ठेवा."

"ठेवते," म्हणाल्या, पण बॅग तिथेच राहिली. मी त्याच दुपारी वकीलबाईंना फोन केला.

कलम २. शिलाई मशीन आणि बँकेतली ठेव मुलीला द्यावी. मशीनला तेल घालत जा, बाई. नुसती शोभेला ठेवू नकोस.

कलम ३. जाई. मी मुलीच्या बाळंतपणाला गेले असताना वन्संनी माझी जाई ऐन उन्हाळ्यात बुंध्यापर्यंत छाटली. "मोकळं केलं तिला," म्हणाल्या. जाई कायमची मोकळी झाली. तो सगळा उन्हाळा मी त्यांच्याशी मीठ-साखरेपुरते बोलले. हे मी माफ केलेले नाही, करणारही नाही, आणि त्याचा कलम १ शी काहीही संबंध नाही.

कलम ४. खुरपे, झारी आणि पाण्याची नळी वन्संना. झाडे छाटायची मोठी कात्री मात्र सुनेच्या ताब्यात राहील. वन्संनी मागितली तरी देऊ नये.

कलम ५. मी ऐन हंगामात गेले, तर माझ्या जाण्याच्या गडबडीत झाडांना पाणी घालायचे राहू नये. पाणी उन्हे वर यायच्या आत घालावे. मुलाने दर वर्षी एक दिवस येऊन नेट बांधून द्यावी. त्या दिवशी त्याने आत्याच्या हातचे जेवून जावे, आणि भाजी अळणी असली तरी बोलू नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही करण्यापूर्वी घडले तेही इथे नोंदवते. साक्षीदार जमले तेव्हा वन्संही पुढच्या खोलीत येऊन बसल्या. मृत्युपत्रात काय आहे हे मी त्यांना सांगितले नव्हते. म्हणाल्या, "मीही सही करते की. घरातलं माणूस नको का?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. ज्यांना यातून काही मिळतं, त्यांनी साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळतंय?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्यांनी कलम १ मोठ्याने वाचले.

वन्संनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे चष्मा उगाच आणला मी." आणि तो पदराने पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, समाधानाने सही करीत आहे.

लिहून देणार: शिवणताई (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त मास्तर (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई (सही)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: फेब्रुवारीचा शेवटचा रविवार