रद्दीतली कार्डं

आई,

ती सहा कार्डं पेटीत मी टाकली होती. काकूंनी नाही. तू असताना एवढं बोलायला मला चार वर्षं मिळाली होती, आणि त्यातले शेवटचे चार-पाच महिने तर तू कॉटवर पडून होतीस आणि मी उशाशी स्टुलावर बसून. बोलले नाही. आता तुला जाऊन नऊ वर्षं होतील. घाई कसलीच उरलेली नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बाबांना ओझरच्या कारखान्यात बढती मिळाली आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की साहेब झालास, आता गोल्फ खेळायला हवं. त्यांनी जुन्या स्टिकांचा अर्धा सेट विकत घेतला, दोन रविवार गेले आणि कंबर धरून परत आले. सेट दाराआड उभा राहिला. तिसऱ्या रविवारी तू तो उचललास. तू शाळेत गणित शिकवायचीस, मुली तुला टरकून असायच्या, आणि अशी बाई सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून माळावर बॉल मारत सुटते हे आपल्या पंचवटीतल्या गल्लीला शेवटपर्यंत पटलं नाही. खालच्या आजोबांना वाटायचं तू गोल्फ क्लब मैदानावर जातेस, जिथं अख्खं नाशिक चालायला जातं आणि पोरं क्रिकेट खेळतात. "तिथं कुठं गोल्फ असतं गं?" असं ते मला जिन्यात अडवून विचारायचे. तिथं नसतंच. तुमचं मैदान शहराबाहेर, हायवेवरून आत, द्राक्षबागांना लागून. होल नऊच, अठरा करायचे तर तोच फेरा दोनदा मारायचा. होलभोवती ग्रीन म्हणायचं ते हिरवं नव्हतंच, जळक्या तेलात कालवलेल्या वाळूचा काळपट गोल होता, आणि बॉल होलमध्ये गेला की आपल्याच पावलांचे ठसे पोतं बांधलेल्या दांड्यानं पुसून पुढं जायचं. हे पुसण्याचं काम तू फार मन लावून करायचीस, तास संपल्यावर फळा पुसावा तसं.

काकू म्हणजे बाबांच्या कारखान्यातल्या मित्राची बायको. माहेर येवल्याचं, राहायला नाशिक रोडला. दर रविवारी सकाळी सहाला त्यांची पांढरी मारुती आडगाव नाक्यावर येऊन थांबायची. अख्ख्या क्लबात बायका दोनच, तू आणि त्या. काकूंचा बॉल सरळ गेलेला मी फारसा पाहिला नाही. तो बागेत शिरला की त्या ओरडायच्या, "गेला बघ द्राक्षं खायला!" आणि हसत सुटायच्या. तू हसायची नाहीस, पण शोधायला आधी तूच निघायचीस. बाकीचा आठवडा फोनवर जायचा. पेपरात क्रिकेटच्या खाली, कोपऱ्यात, परदेशातल्या गोल्फ स्पर्धांचे चार ओळींचे निकाल यायचे, तेही शिळे. तुम्ही दोघींनी एकेक खेळाडू वाटून घेतला होता. तुझा शिस्तीचा, त्यांचा बेभरवशाचा. पेपर आला की फोन वाजायचा. "तुझा मास्तर चौथा आलाय. माझा पार बुडाला गं, नाव पण नाय छापलं त्याचं." तू शाळेची साडी नेसता नेसता, रिसीव्हर मानेत धरून, त्या चार ओळींवर दहा मिनिटं बोलायचीस. माझ्या बारावीच्या मार्कांवर तू इतकं बोलली नव्हतीस.

आता हँडिकॅप. तुला समजावायची गरज नाही, पण मला ते एकदा नीट मांडून घ्यायचं आहे. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला सूट असते. अठरा होलला बहात्तर फटके धरलेले असतात. तुला साधारण नव्वद लागत असतील तर वरचे अठरा माफ. हा माफीचा आकडा जितका लहान, तितकी तू मोठी खेळाडू. आकडा ठरतो कार्डांवरून. खेळताना एकीचं कार्ड दुसरीनं भरायचं, दुसरीनंच सही करायची आणि ते व्हरांड्यातल्या लाकडी पेटीत पडायचं. वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या कपाच्या स्पर्धेआधी, सेक्रेटरी पेटी उघडून सरासरी काढायचे. माफीचे फटके वजा करून ज्याचे सगळ्यात कमी उरतील, कप त्याचा. नियम असा की कार्ड चांगलं असो की वाईट, टाकायचं. काकू सगळी टाकायच्या, अगदी एकशे अठरा झालं तरी. म्हणून त्यांना एकतीस फटके माफ होते, आणि दोन वर्षं लागोपाठ कप त्यांनी नेला होता. तू मात्र चांगली तेवढीच टाकायचीस. वाईट कार्ड पर्समध्ये घालून घरी यायचं. "आज वारा होता," "आज डोकं दुखत होतं," आणि कार्ड स्वयंपाकघरातल्या रद्दीत. त्यामुळे तुझा हँडिकॅप सोळा. क्लबातले निम्मे पुरुष तुझ्या मागे होते, आणि ते तू मान वर करून मिरवायचीस. फक्त त्या सोळानं तुला कप मिळणं शक्य नव्हतं, कारण तू सोळाची खेळाडू नव्हतीस. दर वर्षी हरून यायचीस आणि पुढचे दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज असायचा.

त्या वर्षी मी एस.वाय.ला होते. फिजिक्सच्या जर्नलमध्ये एक रीडिंग काही केल्या जमेना, म्हणून ग्राफवर नीट बसेल असं मी ते बदललं. तू भाकऱ्या थापता थापता ते पाहिलंस. काकू ओट्याशी उभ्या राहून चहा घेत होत्या. तू पिठाच्या हातांनी जर्नल उचललंस आणि ते पान फाडलंस. "आलं ते लिहायचं, हवं ते नाही. एवढंसुद्धा कळत नसेल तर मी काय कपाळ शिकवलं तुला?" काकू म्हणाल्या, "अगं सोड ना, एक आकडा तर हाय." "एकच आकडा असतो," तू म्हणालीस, आणि पुन्हा भाकरीकडे वळलीस. मी मान खाली घालून उभी होते. खाली रद्दीचा गठ्ठा होता आणि त्यात सगळ्यात वर तुझं गेल्या रविवारचं कार्ड होतं, एकशे तीनचं.

तेव्हापासून दिवाळीपर्यंत मी रद्दीतून सहा कार्डं काढून घेतली. त्यात खोटं काहीच नव्हतं. फटके तुझे, अक्षर काकूंचं, सही काकूंची. मीही अधूनमधून रविवारी तुमच्याबरोबर यायचे, व्हरांड्यात बसून ऑम्लेट-पाव खायला, आणि पेटी माझ्या डोक्यावरच टांगलेली असायची. एकेक करून सगळी आत गेली.

कपाचा दिवस अजून समोर दिसतो. जानेवारीची थंडी, सगळे स्वेटर घालून खुर्च्यांवर बसलेत, चहाचे कप हातात. तुला चौऱ्याण्णव फटके लागलेत, काकूंना एकशे चार. नवे हँडिकॅप सकाळीच बोर्डावर लागलेत, पण तू ते पाहिलेले नाहीस. आपला आकडा काय पाहायचा, असं तुला वाटलं असणार. तू मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळी झालीयस. तुझे सोळा गेले की अठ्ठ्याहत्तर, काकूंचे एकतीस गेले की त्र्याहत्तर, म्हणजे यंदाही काकूच. तू टाळ्या वाजवायला हात उचलतेस आणि सेक्रेटरी तुझं नाव घेतात. चौऱ्याण्णव वजा बावीस, बहात्तर. एका फटक्यानं. "बावीस कुणाचे?" तू विचारतेस, शाळेतल्या आवाजात. ते यादी पुढं करतात. मागून कुणीतरी म्हणतं, "मॅडम गणिताच्या आहेत! सूट बरोब्बर कपाच्या तोंडावर वाढवून घेतली." सगळे हसतात. वाईट हेतूनं नसतील हसत, पण हसतात. तू आधी चिडशील आणि मग कप पाहून विरघळशील असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. परत येताना काकू गाडी चालवत होत्या आणि खरोखर आनंदात होत्या. "लय भारी गं! दोन वर्षं माझ्याकडं धूळ खात पडला होता, आता तू पूस." तू खिडकीबाहेर बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तू एकटी एस.टी.नं क्लबात गेलीस, कप परत केलास आणि फाइल मागून घेतलीस. सहाही वाईट कार्डांवर काकूंचं अक्षर, काकूंची सही. आपली कार्डं तर रद्दीत गेली, तेव्हा ही काकूंनी आठवून पुन्हा लिहिली असणार, असं तू धरून चाललीस. माझा तुला संशयसुद्धा आला नाही. संध्याकाळी तू फोन लावलास. मी कणीक मळत होते. काकूंचा आवाज एवढा मोठा की तो रिसीव्हरबाहेर यायचा.

"माझी कार्डं तू टाकलीस?"

"कसली कार्डं?"

"नाटक करू नकोस. अक्षर तुझं आहे."

"अगं, अक्षर माझंच असणार, मीच भरते ना! पण टाकली नाय मी. आणि टाकली असती तरी काय बिघडलं? खेळलीस तेच लिव्हलंय ना?"

"चारचौघांत चोर ठरवलंस मला."

तू फोन ठेवलास. तेव्हा मला बोलता आलं असतं, चार पावलांवर उभी होते. मी कणीक मळत राहिले, नको इतकी मळली. पोळ्या चिवट झाल्या आणि त्यावरून तू मला बोललीस.

त्यानंतर तू खेळली नाहीस. पुढं केबलवर गोल्फ दिसायला लागलं, रविवारी दुपारी जुने सामने पुन्हा दाखवायचे. तू इस्त्रीचे कपडे घेऊन समोर बसायचीस. एकदा काकूंच्या त्या बेभरवशाच्या खेळाडूनं शेवटच्या होलला भलत्याच लांबून बॉल आत घातला. तू "अगं बाई!" करत फोनकडे धावलीस, चार आकडे फिरवलेस आणि रिसीव्हर ठेवून दिलास. मी शेजारच्या खोलीतून पाहत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, इतकं की घरात बसवेना, चपला घालून गोदावरीच्या घाटापर्यंत चालत गेले. परत येऊन तुझ्या इस्त्रीच्या घड्या कपाटात लावल्या. मग तुझं आजारपण सुरू झालं. काकू दोनदा दवाखान्यात आल्या. दोन्ही वेळा तू डोळे मिटून पडून राहिलीस, आणि त्या मोसंबी ठेवून गेल्या.

तुला एकदा तरी कप मिळावा म्हणून मी ते केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं तसंही होतं. पण जास्त होतं ते फाडलेलं पान. आलं ते लिहायचं ना, मग तुझंही आलेलं कागदावर येऊ दे, असं वाटत होतं. सोळाची मिजास उतरावी, आणि तुझ्या मैत्रिणीसमोर उतरावी, जशी माझी उतरली होती. नियमाप्रमाणे मी बरोबर होते आणि तू चूक होतीस. शिक्षा मात्र काकूंना झाली.

तू गेल्यावर दहाव्याच्या आधी काकू घरी आल्या. बाहेर बायका बसल्या होत्या, त्या सरळ आत ओट्याशी आल्या. "तुझी आई माझ्यावर राग धरून गेली गं. मी नव्हती टाकली ती कार्डं, देवाशपथ." मी म्हणाले, "मला माहीत आहे, काकू." त्यांनी मला जवळ घेतलं आणि "तू तरी खरं मानलंस" म्हणत खूप रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. काका गेले होते, मुलगा पुण्याला. "तू येशील का गं खेळायला? मला कुणी पार्टनर नाय." मी गेले. तेव्हापासून दर रविवारी जाते. हायवे रुंद झालाय, बागांच्या जागी प्लॉट पडलेत, आणि बॉल हरवला तर आता बंगल्याच्या कंपाउंडात. गाडी मी चालवते. मी वाईट खेळते, तुला बघवलं नसतं. काकू माझं कार्ड भरतात, मी त्यांचं. आणि चालता चालता त्या तुझ्याबद्दल बोलतात. तुला गाडीत गाणी म्हणायची सवय होती, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या पानाचंही त्यांनीच सांगितलं. "फाडलं खरं, पण आठवडाभर तिला चैन नव्हती. गाडीत मला म्हणाली, पोरीला फार बोलले गं मी." मला तू हे कधी म्हणाली नाहीस.

गेल्या रविवारी सातव्या होलपाशी आम्ही बाकावर टेकलो होतो. काकू म्हणाल्या, "एकदा कळायला पायजे बघ, कुणी टाकली असतील ती कार्डं." मी म्हणाले, "आता काय करायचंय कळून?" त्या म्हणाल्या, "काय नाय. तिला तोंड दाखवताना बरं पडंल." मी उठले आणि बॉल मारला. बरा गेला.

घरी येऊन हे लिहायला बसले. इथवर आल्यावर दिसतंय की हे पत्र तुला लिहून काही उपयोग नाही. ते काकूंना जायला हवं. नाशिक रोडचा त्यांचा पत्ता मला पाठ आहे, उद्या टाकलं तर परवा मिळेल. पण त्यांना मिळालं तर रविवार बंद होतील, आणि मग तुझ्याबद्दल मला सांगणारं कुणी राहणार नाही. तू वाचणार नाहीस एवढं नक्की होतं, म्हणून वर "आई" लिहिलं.