इस्त्रीवाली आणि खिडकीची काच

१० जानेवारी १९९७, शुक्रवार
आज आलं: पीठ पाच पौंड, एक डॉलर एकोणीस सेंट. कपड्यांची खळ, ऐंशी सेंट. मार्लाचं पत्र, लॉस एंजेलिसहून — फुकट, आणि तेच सगळ्यांत जड!

लेकीनं लिहिलेला पिक्चर पुढच्या शुक्रवारी आमच्याच गावात लागतोय. मुखवटा, सुरा, किंकाळ्या! असल्या पिक्चरांना कुत्रं विचारत नव्हतं. लेक लिहिते, “आई, आमच्या पिक्चरमधली पोरं वेगळी आहेत. त्यांनी जुने सगळे पिक्चर पाहिलेत. काय केलं की मरण येतं, ते त्यांना पाठ आहे. त्याचीच टर उडवतात — आणि तरी मरतात! लोक रांगा लावतायत गं. बघ, आणि कळव.”

आणि मी चर्चमध्ये सांगून बसलेय, मार्ला ऑफिसात टायपिंग करते.

१२ जानेवारी, रविवार
पाद्रीसाहेब आम्हा चर्चच्या बायकांना त्याच पिक्चरविरुद्ध थेटरापुढे फलक धरायला लावणार. शिव्या आणि खून मोजायला एकीनं आत जायचं. “भगिनी एडना, हिशोब तुमचा चोख,” ते म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाही कसं म्हणू?

१७ जानेवारी, शुक्रवार
थेटराच्या दारात आमच्या चर्चची ओपल फलक घेऊन कुडकुडत उभी. पोस्टरवर नावाचं एकच अक्षर, पुढे आडनाव. ते वाचून म्हणते, “अगं एडना, लिहिणाऱ्याचं आडनाव तुझंच की!”

“आडनावाचा काय मी मक्ता घेतलाय?” म्हटलं आणि आत सटकले.

पहिल्या अर्ध्या तासात कागद रेघांनी भरला. मग पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. मुलगी टीव्हीवर भुताटकी बघतेय. आई तिकडे पाठ करून इस्त्री करतेय आणि मधूनच टीव्हीतल्या पोरीवर ओरडतेय — “अगं बावळे, आधी दिवा लाव! आणि ‘आलेच हं’ म्हणू नकोस, ‘आलेच’ म्हणणारी कधी परत येत नाही!”

थेटर खो खो हसलं. माझेच शब्द! शाळेत असताना मार्ला दर शनिवारी असल्या पिक्चरची कॅसेट आणायची, तेव्हाचे. मी पाठ करून उभी राही. बघत नव्हते ना! समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत मात्र सगळं दिसायचं. हे देवाला आणि मलाच ठाऊक, असं वाटत होतं.

पडद्यावरची बाईही काचेतच बघत होती. त्या काचेत तिच्या मागे मुखवटा आला. हूं की चूं न करता ती वळली आणि तापलेली इस्त्री त्याच्या तोंडावर! लोक उभे राहून ओरडले. मी पेन्सिल पाडली. पुढचं काही मोजलंच नाही.

१९ जानेवारी, रविवार
आकडे वाचले. अर्धे अंदाजाने — प्रार्थनेच्या जागेत!

पाद्रीसाहेबांनी विचारलं, “त्यात एक तरी सज्जन बाई होती का?”

“नाही,” म्हटलं.

पोरीला शुक्रवारी नाकारली, आज पुन्हा नाकारली — प्रभूला नाकारणाऱ्या त्या शिष्यासारखी. कोंबडा आरवायचाच काय तो राहिला.

२० जानेवारी
पोरीनं मला जिवंत ठेवलं, आणि मी तिला ओळख दिली नाही.

२२ जानेवारी, बुधवार
संध्याकाळच्या प्रार्थनेत उभी राहिले. “लिहिणारी माझी मार्ला आहे. आणि त्यात एक सज्जन बाई होती.” काचेचं सांगायचं धैर्य झालंच नाही.

मागून ओपल एकदम — “अय्या! म्हणजे ती काचेत बघणारी तूच!”

ओपल तर बाहेर फलक धरून उभी होती ना? मग तिला काच कशी ठाऊक? तिचं तोंड बिटासारखं लाल! पाद्रीसाहेबांना एकाएकी खोकला आला.

२५ जानेवारी
मार्लाला पत्र टाकलं. बाकी मजकूर राहू दे, शेवट उतरवून ठेवते:
“दुसरा भाग काढताय म्हणे. मला शिकवू नकोस — पहिल्यात वाचलेली बाई दुसऱ्यात सगळ्यांच्या आधी मरते. इस्त्रीवालीला मारणार आहेस का, ते उलट टपाली कळव. ओपलही विचारतेय.”