लाइट ब्लोंड, एक नंबर फिकट

३ मार्च, सोमवार
आमचे साहेब महिनाअखेर रिटायर होतायत. म्हणजे शेड-मॅचिंग लॅबमधली खिडकीजवळची खुर्ची रिकामी होणार. रंगाच्या कंपनीत त्या खुर्चीला वजन आहे. रंगवलेला पत्र्याचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरून तिथला माणूस ‘पास’ म्हणाला की मगच डबे भरले जातात. सत्तावीस वर्षं मी त्या खुर्चीच्या मागे उभा आहे. आता माझाच नंबर. दुसरं आहे कोण? लॅबमधला ज्युनियर, आमचा चष्मा. वय एकतीस. नमुना मशीनमध्ये घालतो आणि मशीन सांगेल ते वाचून दाखवतो.
नव्या मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, डिपार्टमेंटला फ्रेश चेहरा हवा. म्हणताना माझ्याकडे बघितलं. स्पष्ट इशारा.

४ मार्च, मंगळवार
इशारा केसांबद्दल होता. डाय काळाभोर, पण भांगात पांढरी रेघ. अडतिसाव्या वर्षी पहिला पांढरा केस सापडला, तेव्हापासून दर रविवारी बाथरूमची कडी लावून वाटी आणि ब्रश. सोळा वर्षं ही कैद चालू आहे. खालचे खरे केस मी सोळा वर्षांत पाहिलेले नाहीत. पांढरेशुभ्रच असणार.
टेक्निकल विचार केला. पांढऱ्यावर काळा दिला की जोड दिसतो. पांढऱ्यावर फिकट दिला की जोड दिसत नाही. म्हणजे लाइट ब्लोंड. शिवाय मॉडर्न. एकदा करायचं, जन्माची सुटका.
सौ.ला एवढंच सांगितलं, काळ्या डायचा कंटाळा आलाय. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, अहो, एकदा काहीच न लावता बघा ना. तिने स्वतः चार वर्षांपूर्वी डाय सोडला. त्यानंतर एका दुकानदाराने तिला माझी मोठी बहीण समजलं. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. मी मात्र अजून त्याच दुकानात जातो.

९ मार्च, रविवार, सकाळी १०:१५
सलून. डायरी सोबत आणली आहे. सलूनवाली पंचविशीची असेल. मला काका म्हणाली. सर म्हण, असं सांगितलं. केस उलटेपालटे करून म्हणाली, सर, मुळाशी तुमचे बरेच केस काळेच आहेत की. धंद्याचं गोड बोलणं. मी हसून सोडून दिलं.

११:४०
डोक्यावर चंदेरी कागदाच्या पुड्या. गळ्याला कापड. एक हात बाहेर काढून लिहितोय. खुर्ची नेमकी रस्त्याच्या काचेला लागून. बाहेरून चष्मा गेला. मी लगेच डोळे मिटले, त्यामुळे त्याला दिसलो नसणार.

१२:५०
कागद काढले. केशरी! मी उठलो. सलूनवाली म्हणाली, असेच जाता का घरी? बसलो. जुना काळा निघताना आधी केशरी येतो, मग पिवळा, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यावर असणं वेगळं. बाथरूमलाही जाता येत नाही. वाट वेटिंगमधल्या बायकांसमोरून आहे.

२:०५
पिवळा आला. आता वरचा शेवटचा शेड. तिने कार्डावरचा लाइट ब्लोंड काढला. मी एक नंबर फिकट घ्यायला लावला. रंग वाळला की गडद होतो, हा सत्तावीस वर्षांचा अनुभव. ती म्हणाली, केस वाळले की उलट फिकट दिसतात. मी म्हणालो, बाळ, मी रंगातलाच माणूस आहे. गप्प बसली. अनुभवापुढे सगळे गप्प बसतात.

२:५०
झालं! आरशाभोवतीच्या पिवळ्या दिव्यांत मधासारखी झाक. अप्रतिम. पास.

संध्याकाळी ५
सौ.ने दार उघडलं आणि बघतच राहिली. मग म्हणाली, सोडलात ना शेवटी! माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, आता आपण एका वयाचे दिसतो. ब्लोंड हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. उद्या सांगेन.

१० मार्च, सोमवार
लॅबमध्ये गेल्या गेल्या खिडकीशी जाऊन हातातला आरसा धरला. पांढरा. ऑफ-व्हाइटसुद्धा नाही. पिवळ्या दिव्याखाली शेड पास करू नका, खिडकीशी न्या, हे मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. काल मी स्वतः खिडकीशी गेलोच नाही.
सकाळपासून अभिनंदनं. म्हणे, हिंमत लागते. मॅडमनी उठून मला खुर्ची दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, काही न लपवणारा असा एक तरी माणूस ऑफिसात आहे. मी थँक यू म्हणालो. तेव्हाच बोलायला हवं होतं.
असो. मॅडम स्वतः खुर्ची देतात, हे शुभचिन्हच. सौ.लाही आज सांगितलं नाही. ती गुणगुणत होती.

११ मार्च, मंगळवार
बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली. बसा आजोबा, म्हणाली. वय चोपन्न. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बसलो.

१७ मार्च, सोमवार
ऑर्डर निघाली. मी ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’. स्वतंत्र टेबल, झेरॉक्स मशीनच्या मागे. खिडकी नाही. मॅडम म्हणाल्या, तुमचंच नाव मनात होतं, पण परवा तुम्हाला पाहिलं आणि वाटलं, आता या वयात दगदग नको. खिडकीची खुर्ची चष्म्याला.
रिसेप्शनला माझा मोठा फोटो लावतायत. खाली ओळ: ‘अनुभवाचा अस्सल रंग’.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय उरलेली नाही.

३ एप्रिल, गुरुवार
भांगात काळी रेघ. आधी वाटलं, झेरॉक्सची पावडर. साबण लावला. जाईना. नखाने खरवडलं. ती माझीच. कानांजवळ थोडे पांढरे, बाकी काळे. चांगले दाट काळे. मार्चमधली ती पांढरी रेघ म्हणजे नुसती टाळू होती. सोळा वर्षं मी काळ्या केसांना काळा डाय लावत होतो.

४ एप्रिल, शुक्रवार
चष्मा खिडकीच्या खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, सर, डाय लावायला लागलात का? पांढरेच शोभत होते. त्याने नजर चुकवली. त्याला माझी लाज वाटली असावी. मॅडम रिसेप्शनवर थांबल्या, फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

५ एप्रिल, शनिवार
सौ.ने सकाळी चहा आदळला. शेवटी म्हणाली, एक महिना तरी टिकायचं होतं. मी सगळं खरं सांगून टाकलं: हे काळेच खरे आहेत, पांढरे रंगवलेले होते. ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोला.
तिला कसं पटणार? मला तरी कुठे पटतंय!

६ एप्रिल, रविवार, सकाळी ११
सलून. तीच खुर्ची, तीच काच. सलूनवाली म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, काळे आहेत म्हणून. आता सर म्हणत नाही. मीही टोकत नाही. म्हणाली, पांढरे ठेवायचे तर दर चार आठवड्यांनी यावं लागेल. रिटायर व्हायला चार वर्षं आहेत. पन्नासेक रविवार.
डोक्यावर पुड्या आहेत. बाहेर लोक जातायत. आज डोळे मिटले नाहीत.

२:४५
तिला म्हणालो, आरशात नको, दाराशी चल. रिसेप्शनवरच्या फोटोचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणला होता. स्वच्छ उजेडात केसांशी लावून बघितला. काळ्याचा मागमूस नाही. मॅच तंतोतंत.
पास केला.