काडीपेटी बनूकडेच राहावी

मी, आकाराम केरबा निकम, पलटणीतला पेन्शनर हवालदार, राहणार मेढा, तालुका जावळी, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. चार पावले चालले की दम लागतो. पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी माझा हात धरून लिहवून घेतलेले नाही.

वडिलार्जित जमीन मुलगा जोतीराम याची आहेच. ओढ्याकाठचे भाताचे खाचर आणि हे राहते घर मात्र माझ्या कमाईचे आहे. ती दोन्ही मी नातू गुंडा आणि नात बनू यांना मिळून देतो. 'मिळून' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

कारण असे. यंदा जोतीराम आणि सूनबाई चंद्रा पंचांसमोर गवताची काडी मोडून वेगळी झाली. दोघेही वाईट नाहीत; पटले नाही, इतकेच. पंच लालासाहेब म्हणाले, "पोरगं बापाचं, पोरगी आईची. ह्यात इचारायचं काय?" चंद्रा म्हणाली, "आवं, दोगं एका ताटात जेवत्यात. एकमेकांबिगर ऱ्हायची न्हाईत." तिचे कोणी ऐकले नाही.

लालासाहेबांना माझी वेताची काठी द्यावी. तिचे दोन तुकडे करून कुठला तुकडा टेकत घरी जाता येते, ते त्यांनी गावाला दाखवावे.

मुले ही माझी मिळकत नव्हे, म्हणून ती मी कोणाला देत नाही. शाळेच्या दिवसांत दोघांनी सांगलीला चंद्राजवळ, तिच्या भावाच्या घरी राहावे. दिवाळीला आणि उन्हाळ्यात दोघांनी मेढ्याला यावे. पोचवायला चंद्रा आली तर तिला पुढच्या दाराने घरात घ्यावे, जेवल्याशिवाय पाठवू नये. बापाने आईबद्दल आणि आईने बापाबद्दल मुलांदेखत वाईट बोलू नये. खाचराचे उत्पन्न त्यांच्या शिक्षणाला लावावे. व्यवस्था जोतीरामाने पाहावी. त्याने मुलांची ताटातूट केली तर ही व्यवस्था चंद्राकडे जावी. चंद्राने केली तर जोतीरामाकडेच राहावी, पण मग हिशेब माझी बहीण रंगुबाई हिला दाखवावा. ती कोणाला सोडत नाही.

पितळी हंडा रंगुबाईला. पलटणीचा कोट जोतीरामाला; तो अंगात घालताना बापाची आठवण ठेवावी.

आता शेवटचे. पंच यायच्या दिवशी सकाळी चुलीपाशी काडीपेटी सापडेना. खराटाही गायब. बनू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आज्या, समद्या काड्या म्या लपिवल्यात. आता काय मोडत्याली?" मला हसू आले आणि लगेच रडूही आले. पंचांनी अंगणातल्या गवताच्या गंजीतली काडी उपसून घेतली. पोरीने ते पाहिले. गंजी तिच्या ध्यानात आली नव्हती, म्हणून आईबाप तुटले, असे ती अजून समजते. तुमच्या चुकीने काही झाले नाही, हे दोघा आईबापांनी एकत्र बसून मुलांना सांगावे. माझे ऐकून तिला पटत नाही.

खराटा मिळाला. काडीपेटी तिने अजून दिलेली नाही. ती कोणी शोधू नये, मागू नये, नवी आणून तिच्यासमोर ठेवू नये. बनू आपणहून आणून देईल तेव्हाच घ्यावी. तोवर चूल पेटवायला शेजारून विस्तव आणावा.

मेढा, ता. १२ डिसेंबर १९४८
सही: आकाराम केरबा निकम

साक्षीदार:
१. जोतिबा रामा शेलार, सही
२. हरणाबाई, शेजारीण, डाव्या अंगठ्याची निशाणी. विस्तव द्यायला कबूल.