चौदाव्या मजल्याचे पाणी

मी, दशरथ गोविंद घवाळी, वय ६८, निवृत्त साइट सुपरवायझर, राहणार फ्लॅट २०४, संचिता हाइट्स, इंद्रलोक, भाईंदर (पूर्व), डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आहे तो माझ्याच मनाचा.

१. माझ्या मालकीचा फ्लॅट २०४ माझ्या पश्चात श्रीमती सुगंधा धाकू पाष्टे, राहणार फ्लॅट १४०३, यांना द्यावा. चिरंजीव साईराजने हरकत घेऊ नये. कारण पुढे दिले आहे.

२. ही इमारत आम्ही ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतली. विटा नाहीत, प्लास्टर नाही, सहा दिवसांत मजला. बावीस वर्षांचा माझा जोडीदार धाकू गवंडी त्यात बेकार झाला. तरी साइटवर यायचा. चौदाव्या मजल्याच्या छताच्या स्लॅबवर हात ठेवून म्हणाला, "दशरथा, तापलाय हा. आळी घाल, पाणी साठव."

"तुझा जमाना गेला रे," म्हणून मी हसलो, आणि रजिस्टरमध्ये सात दिवस 'पाणी दिले' अशा सह्या ठोकल्या. एकही दिवस दिले नव्हते. साच्यांनी काम खरेच झटपट होते, त्यांना बोल नाही. काँक्रीटला मुरायला लागणारे दिवससुद्धा मी वाचवायला गेलो.

३. माझ्याच शब्दावर धाकूने त्या स्लॅबखालचा १४०३ घेतला. छताला चिरा गेल्या, ओल उतरली. गवंड्याला कारण कळले असणारच. मला एवढेच म्हणाला, "राहू दे, बादली ठेवू." तो वारल्यावर सुगंधावहिनींनी सोसायटीत तक्रार केली. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनना सोसायटीने दोनदा बाथरूम फोडायला लावले. ठराव मांडणारा चेअरमन मीच. पाच वर्षे त्या दोघी बोलत नाहीत. मला याची फार लाज वाटते.

४. ओळंबा व ते रजिस्टर साईराजला. तोही असेच साचे लावतो. जरूर लावावेत, पण सही करण्यापूर्वी स्लॅबवर हात ठेवून पाहावा.

५. सर्वांत जलद मजल्याबद्दल मिळालेले घड्याळ भंगारात द्यावे.

६. हंसाबेनना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला त्याच हव्या होत्या.

दशरथ गोविंद घवाळी (सही)

साक्षीदार:
१. नाथा बारगुडे, सेक्रेटरी (सही)
२. हंसा चंदन गाला (सही)

खुलासा: हंसाबेन वाचून सही करेनात. म्हणाल्या, "भाई, मरने के बाद बोलोगे तो मैं लडूँगी किससे? आधी सुगंधाबेनला सांगा." तसे दोन्ही साक्षीदार व मी असे तिघे वर गेलो व मी सांगितले. वहिनींनी हंसाबेनना हात धरून आत बसवले, मला बसा म्हटले नाही. हंसाबेननी आतून, मी दारात उभा असताना, माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: फ्लॅट १४०३ चे दार, भाईंदर (पूर्व)
दिनांक: १४ जुलै २०२५